घाटात पिकअप जातो, किल्ली फिरवली की परत येतो: इंजेक्टर बदलण्याआधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २०१५ ची, दीड लिटरची कॉमन रेल डिझेल, व्हेरिएबल टर्बोवाली, सव्वा लाख किलोमीटर झालेली. शहरात काही तक्रार नाही. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी चढायला लागली की कधीतरी, दर वेळी नाही, अचानक पिकअप जातो. एक्सलेटर तळाला टेकवला तरी आरपीएम २५०० च्या पुढे सरकत नाही आणि मागून ट्रकवाले हॉर्न मारायला लागतात. गाडी बाजूला घेऊन किल्ली बंद-चालू केली की काही झालंच नव्हतं अशी पळते. चेक लाइट एकदाच लागली होती, तीही नंतर आपोआप गेली. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि एअर मास सेन्सर बदलून झाले आहेत. आता गॅरेजवाले म्हणतात, चारही इंजेक्टर गेलेत.

इंजेक्टर बदलू नका. निदान आत्ता तरी नाही. झिजलेला इंजेक्टर सकाळी स्टार्टिंगला त्रास देतो, न्यूट्रलला इंजिन खडखडवतो, धूर सोडतो, अॅव्हरेज खातो, आणि हे सगळं तो रोज करतो. महिन्यातून एक-दोनदा घाटात रुसायचं आणि बाकीचे दिवस गुण्यागोविंदाने चालायचं, हा सहसा त्याचा स्वभाव नाही. एक अपवाद आहे, तो पुढे डिझेलच्या भागात सांगतो.

अधूनमधून ताकद जाण्याची तक्रार घेऊन येणारे लोक ती कशी गेली हे रंगवून सांगतात. मी आधी विचारतो, परत कशी आली? निम्मं निदान तिथेच होतं.

किल्ली फिरवताच ताकद परत आली, तर ती इंजिनातून गेलीच नव्हती, ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने, काढून घेतली होती. एखादा आकडा मर्यादेबाहेर गेला आणि काही सेकंद तसाच राहिला की ईसीयू इंजिन आणि टर्बो वाचवण्यासाठी बूस्ट (टर्बोने दाबून भरलेली हवा) आणि डिझेल दोन्ही आवळतो. यालाच लिंप मोड म्हणतात. बऱ्याच गाड्यांत किल्ली बंद होईपर्यंत तो सुटत नाही. नव्याने चालू केल्यावर ईसीयू पुन्हा सगळं ठीक आहे असं धरून चालतो, तोच आकडा पुन्हा बिघडेपर्यंत.

किल्ली फिरवून काही फरक पडला नाही, पण दहा-पंधरा मिनिटं बाजूला उभं राहिल्यावर गाडी सुधारली, तर संशय डिझेलच्या वाटेवर किंवा उष्णतेवर. टाकीतला गाळ किंवा एखादा प्लास्टिकचा तुकडा ओढीने जाळीवर येऊन चिकटतो. इंजिन बंद झालं की ओढ संपते, तुकडा खाली बसतो आणि पुढचे कित्येक किलोमीटर कुणाला पत्ता लागत नाही. टाकीचा श्वास कोंडला तरी लक्षणं अशीच दिसतात. अशा वेळी तिथेच टाकीचं झाकण उघडून बघा. हवा जोरात आत ओढल्याचा आवाज आला तर श्वासनळी चोंदली आहे, फिल्टर कितीही बदला.

तिसरा प्रकार म्हणजे चालत्या गाडीतच, पाय उचलून परत दिल्यावर किंवा खड्डा बसल्यावर ताकद आपोआप येते. हे काम वायरिंगचं, कनेक्टरचं, पेडल सेन्सरचं किंवा ब्रेक स्विचचं.

तुमची गाडी सरळसरळ पहिल्या प्रकारातली आहे. आरपीएम एका ठरावीक आकड्यावर अडकणं हीसुद्धा लिंप मोडचीच खूण. म्हणजे शोधायचं आहे ते एवढंच, की ईसीयूला घाबरवणारा आकडा कोणता.

आता त्या एकदाच लागलेल्या लाइटबद्दल. लिंप मोडमध्ये जाताना ईसीयू कारण कोडच्या रूपात लिहून ठेवतो, पण लाइट लावेलच असं नाही. बऱ्याच दोषांसाठी तोच दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसला तरच लाइट लागते, आणि पुढच्या काही फेऱ्यांत तो दिसला नाही तर ती आपोआप विझते. कोड मात्र पेंडिंग किंवा हिस्टरीत पडून असतो. गाडी गॅरेजमध्ये गेली की पहिलं काम काय होतं? पोऱ्या स्कॅनर लावतो, कोड उडवतो, आणि ‘बघू परत येतो का’ म्हणून गाडी हातात देतो. कुठे बॅटरीचं टर्मिनलच काढून ठेवतात. चोर येऊन गेल्यावर घर सारवून काढण्यातला हा प्रकार आहे. यापुढे कोड उडवण्याआधी त्याचा फोटो घ्या आणि सोबत फ्रीझ फ्रेम काढायला सांगा. कोड पडला त्या क्षणी स्पीड किती होता, आरपीएम, इंजिनाचं तापमान, लोड किती होता, हे त्यात असतं. ‘तिसऱ्या गिअरला, २८०० आरपीएमला, पूर्ण लोडवर’ एवढं कळलं तरी गुंता बराच सुटतो.

तुमच्या लक्षणांत येऊ शकणारे नेहमीचे कोड असे. पी०२९९ म्हणजे बूस्ट मागितला त्यापेक्षा कमी, पी०२३४ म्हणजे जास्त. पी००८७ म्हणजे रेल प्रेशर कमी (रेल म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणारा जास्त दाबाचा पाइप). पी०१०१ म्हणजे हवेच्या मोजमापात विसंगती. पी२१३८ म्हणजे पेडलच्या दोन सेन्सरांचं एकमेकांशी पटत नाही. पण कोड वाचला म्हणजे पार्ट कळला, असं नाही. ईसीयूला फक्त आकडा चुकल्याचं कळतं, कोणामुळे चुकला हे त्याला दिसत नाही.

माझ्याकडे पी०२९९ चा कोड घेऊन एक गाडी आली होती, दुसरीकडे नवा टर्बो बसवून. दुखणं होतं तसंच. बाहेरून सगळे होज ठणठणीत. एअर फिल्टरपासून टर्बोकडे जाणारा रबरी होज काढून आत टॉर्च मारला तर आतलं अस्तर एका बाजूने सुटलेलं. न्यूट्रलला रेस दिली की ते भिंतीला चिकटून राहायचं. चढावर इंजिनाने पूर्ण हवा ओढली की आत ओढलं जाऊन अर्धी वाट बंद करायचं. गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर हे जन्मात दिसलं नसतं. अधूनमधून येणारा दोष ज्या परिस्थितीत येतो त्याच परिस्थितीत पकडावा लागतो. म्हणून तुमच्या गाडीचं निदान खंबाटकीतच होणार, लिफ्टवर नाही.

त्यासाठी रेकॉर्डिंग करता येणारा स्कॅनर लागतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त ब्लूटूथ डोंगलवर मोबाइल अॅप चालवता येतं, पण दोन अडचणी आहेत. एक, तुमच्या गाडीसारख्या बऱ्याच बीएस४, म्हणजे २०२० आधीच्या, गाड्यांत डोंगलला फक्त प्रत्यक्ष मिळालेला आकडा दिसतो, ईसीयूने मागितलेला दिसत नाही, आणि आपल्याला तर दोघांतला फरकच बघायचा आहे. दोन, डोंगल हळू असतो. वीस गोष्टी निवडल्या तर प्रत्येक आकडा काही सेकंदांनी बदलतो आणि नेमका क्षण निसटतो. त्यामुळे तुमच्या मॉडेलचं सॉफ्टवेअर असलेला चांगला स्कॅनर ज्याच्याकडे आहे असा माणूस गाठा. लॅपटॉप घेऊन शेजारी दुसऱ्याने बसायचं. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही, घाट आहे तो.

निवडायच्या गोष्टी मोजक्या: आरपीएम, एक्सलेटर पेडल टक्के, बूस्ट मागितलेला आणि मिळालेला, रेल प्रेशर मागितलेलं आणि मिळालेलं, हवेचं वस्तुमान. दुसऱ्या फेरीत ब्रेक स्विच आणि कूलंटचं तापमान जोडा. निघण्याआधी, इंजिन बंद आणि किल्ली ऑन असताना बूस्ट सेन्सरचा आकडा लिहून घ्या. तो त्या जागेचा हवेचा दाब दाखवायला हवा. मुंबईत साधारण १००० मिलिबार, पुण्यात ९४०-९५०, महाबळेश्वरला ८६० च्या आसपास. पुण्यात उभ्या गाडीत सेन्सर १०५० सांगत असेल तर तो खोटं बोलतोय, आणि पुढचे सगळे आकडे त्याच खोट्यावर उभे राहणार. फुकटची तपासणी आहे, पण करणारे कमी.

मग चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरला पूर्ण एक्सलेटर. दोष आला की लगेच किल्ली बंद करू नका. रेकॉर्डिंग थांबवून फाइल सेव्ह करा, कोड वाचा, मग किल्ली.

ग्राफ बघताना भलेभले एका जागी फसतात. लिंप मोड लागल्यानंतर ईसीयू स्वतःच मागणी खाली आणतो. त्यामुळे त्यानंतरच्या भागात मागितलेला आणि मिळालेला बूस्ट छान जुळलेले दिसतात आणि बघणारा म्हणतो, ‘बूस्ट तर ठीक आहे’. बघायचे असतात ते मागणी कोसळण्याआधीचे दोन-चार सेकंद. त्या पट्ट्यात कोणती रेघ आधी वेगळी झाली, एवढाच प्रश्न. रेल प्रेशर आधी घसरलं तर डिझेलचा मार्ग. बूस्ट आधी सुटला तर हवेचा. पेडल किंवा ब्रेक स्विचची रेघ उडी मारताना दिसली तर इलेक्ट्रिकल. यांपैकी काहीच नाही आणि कूलंटचं तापमान ११० कडे चाललंय, तर ईसीयू गरम इंजिन वाचवतोय आणि दोष रेडिएटर, फॅन किंवा थर्मोस्टॅटमध्ये आहे.

तुमच्यासारख्याच एका गाडीचं रेकॉर्डिंग सांगतो. चौथा गिअर, २६०० आरपीएम, पेडल १०० टक्के. मागणी २१५० मिलिबार, हवेच्या दाबासकट. मिळालेला आधी २१५०, मग २२५०, मग २४५०, मग २५०० च्या वर. रेल प्रेशर या सगळ्यात मागणीला चिकटून. साधारण तीन सेकंदांनी मागणीच धाडकन खाली, आणि गाडी बसली. कोड पी०२३४. म्हणजे ताकद गेल्याची तक्रार, पण झालं होतं उलटंच: बूस्ट जास्त झाला म्हणून ईसीयूने दोर कापला. तुमच्या गाडीतही मला याचाच संशय सर्वांत जास्त आहे. याचं कारण नीट सांगतो.

व्हेरिएबल टर्बोत एक्झॉस्टच्या बाजूला पात्यांचं कडं असतं. पाती मिटली की वाट अरुंद होते, एक्झॉस्टचा वेग वाढतो आणि कमी आरपीएमलाही बूस्ट मिळतो. आरपीएम आणि भार वाढला की पाती उघडायला हवीत, नाहीतर टर्बो गरजेपेक्षा जोरात फिरतो. हे कडं कार्बनने जड झालं की पाती मिटतात पण वेळेवर उघडत नाहीत. शहरात हे कळत नाही, कारण तिथे एक्झॉस्टमध्ये एवढा जोरच नसतो. लांब चढ, पूर्ण भार, एक्झॉस्ट तापलेला, अशा वेळीच अडकलेलं पातं महागात पडतं. म्हणून शहरात शहाणी आणि घाटात खोडकर, ही या दोषाची ठरलेली चाल. कार्बनही शहरातल्याच वापराने जमतो: छोट्या फेऱ्या, १५०० आरपीएमवर वरचा गिअर, इंजिन नीट तापायच्या आत बंद.

तपासायचं कसं? व्हॅक्यूमवर चालणाऱ्या टर्बोला एक गोल डबी असते, तिच्यातून रॉड निघून टर्बोच्या लिव्हरला जोडलेला असतो. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू केलं की व्हॅक्यूम रॉडला ओढून घेतो आणि बंद केलं की रॉड परत येतो. हे नुसत्या डोळ्याने बघता येतं, कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. मग डबीची नळी काढून हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप लावा. हळूहळू ओढा. रॉड एका क्षणी हलायला लागून शेवटपर्यंत अलगद गेला पाहिजे, आणि व्हॅक्यूम सोडल्यावर तसाच अलगद परत. अर्ध्यात थबकून टकदिशी उडी मारली तर पाती अडकतायत. व्हॅक्यूम धरून मिनिटभर थांबा, काटा उतरला तर डबीतला पडदा फाटलाय. हीच तपासणी इंजिन गरम असताना पुन्हा करा, हात सांभाळून. थंड असताना सुरळीत आणि गरम झाल्यावर अडकणारे टर्बो भरपूर आहेत.

पाती अडकत असतील तर टर्बो उतरवून एक्झॉस्टचं घर उघडून कडं साफ करावं लागतं. शाफ्टचा खेळ ठीक असेल, ब्लेड घराला घासले नसतील, तर नवा टर्बो लागत नाही. ईजीआरच्या (एक्झॉस्टचा थोडा भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) भोकातून मारायचे, कार्बन काढणारे फोम मिळतात. त्यांनी कधी काही महिने बरे जातात, कधी काहीच होत नाही. मी त्यावर पैसे खर्च करायला सांगणार नाही. आणि साफ करणाऱ्याला बजावून ठेवा, लिव्हरच्या स्टॉप स्क्रूला हात लावायचा नाही. तो कंपनीत फ्लो बेंचवर, म्हणजे हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर, लावलेला असतो. अंदाजाने फिरवला की सुरुवातीचा पिकअप मरतो किंवा बूस्ट कायमचा वर-खाली राहतो, आणि मग खरा दोष शोधणं आणखी अवघड.

रेकॉर्डिंगमध्ये उलटं दिसलं, म्हणजे मागणी २१५० आणि मिळतोय १६००, तर वेगळ्या वाटेने जायचं. इथे मी टर्बोच्या आधी नळ्या बघतो. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या इंजिनाच्या उष्णतेने कडक होतात, टोकाला सैल पडतात, क्लिपपाशी घासून पिनच्या टोकाएवढं भोक पडतं. पावसाळ्यात बोनेटखाली आसरा घेणारे उंदीर तर या नळ्यांवर खास प्रेम करतात. व्हॅक्यूम गळला की पाती पुरेशी मिटत नाहीत आणि बूस्ट कमी पडतो. नळी काही शे रुपयांत बदलते. एअर फिल्टरचा डबाही उघडून बघा. आत कापूस, कागद, सुकी पानं यांचं घरटं मी पाहिलं आहे, आणि गाडीमालक टर्बोच्या कोटेशनवर घासाघीस करत होता. ब्रेक पेडल नेहमीपेक्षा कडक लागत असेल तर तेही सांगा. ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम पुरवणारा पंप सहसा तोच, म्हणजे दोष मुळातच असू शकतो. टर्बोला व्हॅक्यूम वाटणारा, विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्हही कधी गरम झाल्यावर आळसावतो. काही गाड्यांत ईजीआरचा आणि टर्बोचा सोलेनॉइड एकाच नंबरचा असतो. तसं असेल तर अदलाबदल करून बघा, खर्च शून्य.

इंटरकूलरचे (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज दाब आल्यावरच उघडतात, म्हणून उभ्या गाडीत गळती दिसत नाही. क्लिपच्या आसपास तेलकट, धूळ चिकटलेला डाग शोधा. आत थोडं तेल असणं नॉर्मल आहे, बाहेर आलेलं नाही. खात्री करायची तर एक टोक बंद करून कमी दाबाची हवा सोडायची आणि साबणाचं पाणी मारायचं. स्मोक मशीन असेल तर दोन मिनिटांचं काम.

हवेचं वस्तुमानही बोलतं. दीड लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरचा वाटा ३७५ सीसी, म्हणजे टर्बोचा जोर नसताना एका भरण्यात फार तर ४४० मिलिग्रॅमच्या आसपास हवा मावते. न्यूट्रलला ईजीआर बंद असताना आकडा याच्या जवळपास असायला हवा, थोडा कमी. ईजीआर उघडला की तो बराच खाली येतो. ईजीआर बंद असूनही आकडा निम्म्यावर असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, नाहीतर सेन्सर मळलाय. तुम्ही सेन्सर बदलला आहेच. तो खात्रीचा होता का, हेही यातूनच कळेल. बाजारात नकली पुष्कळ आहेत.

आता डिझेलची बाजू, म्हणजे रेल प्रेशर आधी घसरलं तर. कॉमन रेलमध्ये न्यूट्रलला २५० ते ३५० बार आणि पूर्ण भारावर १४००-१६०० बार हे साधारण आकडे, नव्या इंजिनांत आणखी जास्त. मागणी १४०० आणि मिळतंय ११००, तर आधी कमी दाबाची बाजू. फिल्टरच्या आधी आणि नंतर पारदर्शक नळी जोडून इंजिन चालवा. बुडबुड्यांची माळ दिसली तर कुठेतरी हवा धरते, बहुतेक वेळा फिल्टरच्या ओ-रिंगपाशी किंवा नुकत्याच कुणीतरी उघडलेल्या जोडावर. तुमच्या गाडीचा फिल्टर बदलला तेव्हापासून दोष वाढला का, आठवून बघा. फिल्टरच्या खालून पाणी काढा, विशेषतः पावसाळ्यात. टाकी पाव भरलेली असतानाच चढावर असं होतं का, हेही नोंदवा. तसं असेल तर टाकीतली जाळी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कमी दाबाची बाजू स्वच्छ निघाली तर उरतात पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (किती डिझेल जायचं ते ठरवणारा), रेलचा प्रेशर सेन्सर, आणि मी म्हटलेला तो अपवाद: इंजेक्टरचा रिटर्न. आतून झिजलेला इंजेक्टर डिझेल रिटर्नला सोडून देतो, पंप कितीही ढकलला तरी पूर्ण भारावर रेल भरत नाही, ईसीयू लिंप मोडला जातो आणि किल्ली फिरवली की सुटतो. म्हणजे तुमचे गॅरेजवाले बरोबर असण्याची शक्यता शून्य नाही. पण हे अंदाजाने ठरवायचं काम नाही. चारही रिटर्न नळ्यांना सारख्या बाटल्या लावून गरम इंजिन काही मिनिटं चालवायचं. तिघांत बोटभर आणि एकात त्याच्या दुप्पट-तिप्पट भरलं तर तो एक दोषी. चारही नव्हे.

जुन्या मिस्त्रींना एक सवय असते, चालू इंजिनावर नोझलचा पाइप सैल करून सिलिंडर मारून, म्हणजे त्याचं डिझेल तोडून, बघायची. जुन्या पंपाच्या गाड्यांत ते चालायचं. कॉमन रेलवर कुणाला करू देऊ नका. हजार बारला सुटलेली धार कातडीतून आत शिरते. वरून जखम टिकलीएवढी दिसते, आत डिझेल पसरलेलं असतं, आणि लगेच ऑपरेशन झालं नाही तर बोट जातं. गळती शोधायलाही हात फिरवायचा नाही.

ब्रेक स्विचबद्दल दोन ओळी, कारण हा पार्ट स्वस्त आहे आणि त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. ब्रेक आणि एक्सलेटर एकदम दाबलेले दिसले तर अनेक गाड्यांत ईसीयू एक्सलेटरचं ऐकत नाही. स्विच झिजून अर्धवट चिकटला तर पाय ब्रेकवर नसतानाही ईसीयूला ब्रेक दिसतो. लाइव्ह डेटात पेडलला हात न लावता ‘ब्रेक: ऑन’ चमकून गेलं की पकडला. रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून मागचे दिवे बघितले तरी काम होतं. कोकणातल्या किंवा समुद्रकाठच्या गाड्यांत इंजिन-बॉडीच्या अर्थिंगच्या पट्टीवर गंज चढतो, त्यानेही सेन्सर वेडेवाकडे आकडे देतात. पट्टी सोडवून, घासून, परत आवळा.

आणखी एक खातरजमा. आरपीएम वाढतोय पण गाडी पळत नाही, तर ताकद शाबूत आहे, क्लच सरकतोय. गाडी चढावर मरगळते आणि उतरून बघितल्यावर एका चाकाची रिम चटका देते, तर ब्रेक धरलाय. तुमच्याकडे आरपीएमच अडकतो म्हणून हे दोन्ही लागू नाहीत, पण ‘पिकअप नाही’ म्हणून आलेल्या गाड्यांत असे प्रकार पुष्कळ निघतात.

हे वाचणाऱ्या बीएस६ गाडीवाल्यांसाठी, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या: तुमच्याकडे डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी पकडणारा फिल्टर, आहे, त्यामुळे यादीत तो वरच्या नंबरला येतो. आतली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश तापमान आणि काही वेळ सलग धाव लागते. रोज चार किलोमीटर ऑफिसला गेल्याने ते कधीच होत नाही, आणि मधेच किल्ली बंद केली की प्रक्रिया अर्धवट राहते. डीपीएफ भरत आला की ईसीयू ताकद कमी करतो. फिल्टर बदलण्याआधी त्याच्या प्रेशर सेन्सरच्या दोन नळ्या बघा. त्या फुटल्या किंवा तुंबल्या तरी ईसीयूला डीपीएफ भरल्यासारखाच वाटतो. डीपीएफ ‘काढून टाकतो’ म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका, ते बेकायदा आहे.

तर तुमच्यासाठी क्रम असा. रॉड आणि व्हॅक्यूमच्या नळ्या थंड आणि गरम इंजिनावर बघा. होज आतून बघा. मग रेकॉर्डिंग लावून खंबाटकी. यातून बहुतेक उत्तर मिळेल, आणि त्यात बूस्ट वर गेलेला दिसला तर टर्बो साफ करायला टाका. रेकॉर्डिंगमध्ये खरंच रेल प्रेशर पडलं आणि बाटल्यांनी एखादा इंजेक्टर दाखवला, तर तोच काढून बेंचवर टेस्ट करून घ्या, रिपोर्ट हातात घ्या आणि मग पैसे मोजा. नवा बसवल्यावर त्याच्या डोक्यावर छापलेला कोड स्कॅनरने ईसीयूत भरला का, हे विचारा. अनेक कॉमन रेल गाड्यांत तो भरावा लागतो, आणि ‘त्याची गरज नसते’ असं सांगणाऱ्याकडे इंजेक्टर बसवू नका.